वाऱ्याच्या मुलखातला विस्तव

चिलीच्या दक्षिण टोकाला पुन्ता आरेनास नावाचं शहर आहे. फार वारा सुटला की तिथल्या चौकात दोर बांधतात आणि बाजाराला निघालेली माणसं त्या दोराला धरून रस्ता ओलांडतात. वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले की धडधाकट माणसाचाही पाय जमिनीवर ठरत नाही. हे दिवस हिवाळ्यातले नसतात. इथला वारा सर्वांत जास्त माजतो तो वसंतात आणि उन्हाळ्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या हिशेबाने ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. ऊन पडलेलं असतं आणि माणसं मात्र वाकून चालत असतात.

पृथ्वीचा गोल खालच्या बाजूने पाहिला की या वाऱ्याचं कारण समजतं. आफ्रिका दक्षिणेला ३५ अक्षांशाच्या आतच संपते. टास्मानिया ४४च्या अलीकडे थांबतं, न्यूझीलंडचं मोठं दक्षिण बेट ४७च्या आत. त्याखाली पृथ्वीला वेढा घालून पाणीच पाणी. पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या वाऱ्यांना या पट्ट्यात अडवायला काही नाही. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी या वाऱ्यांना ‘गर्जणारे चाळीस’ आणि त्याखालच्यांना ‘खवळलेले पन्नास’ म्हणत. किरकोळ बेटं सोडली तर त्यांच्या वाटेत येणारी जमीन एकच, दक्षिण अमेरिकेचं निमुळतं शेपूट. तेच पॅटागोनिया.

हे शेपूट आँडीज पर्वताने उभं चिरलं आहे. पश्चिमेचा उतार चिलीकडे, पूर्वेचं विस्तीर्ण पठार अर्जेंटिनाकडे. समुद्रावरून आलेला ओला वारा पर्वताला धडकतो आणि आपलं सगळं पाणी पश्चिमेलाच टाकतो. तिथे वर्षाला चार-पाच हजार मिलीमीटर पाऊस, घनदाट अरण्यं आणि हिमनद्या. पर्वत ओलांडून शे-दोनशे किलोमीटर पूर्वेला आलं की जेमतेम दोनशे मिलीमीटर. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटावात घडतं तेच हे, पण आपल्याकडचा ओला वारा चार महिन्यांचा पाहुणा असतो. पॅटागोनियातला वारा बारा महिने तिथेच असतो, आणि पाणी टाकून कोरडा झाल्यावरही त्याचा जोर ओसरत नाही. तो पुढे मातीच उडवायला लागतो. झाडं वाढतात ती एका अंगाला, सगळ्या फांद्या पूर्वेकडे फरफटलेल्या. तिथले लोक त्यांना ‘निशाणझाडं’ म्हणतात.

थंडीबद्दल मात्र बाहेरच्यांची कल्पना जरा चुकीची असते. तिएरा देल फुएगो बेटावरचं उशुआया शहर विषुववृत्तापासून जवळपास मॉस्कोइतकंच दूर आहे, तरी तिथला जुलै मॉस्कोच्या जानेवारीइतका जीवघेणा नसतो. पारा शून्याच्या आगेमागे असतो, कारण चहूकडचा समुद्र थंडीला फार खाली जाऊ देत नाही. पण तोच समुद्र उन्हाळ्यालाही वर येऊ देत नाही. जानेवारीचं सरासरी तापमान १० अंशांच्या आसपास. वर्षभर ओली, बोचरी, वाऱ्याने धारदार केलेली थंडी. अशा ठिकाणी माणूस जगतो कसा, हा प्रश्न पाचशे वर्षं बाहेरून येणाऱ्यांनी विचारला. त्याचं उत्तर तिथे राहणाऱ्यांकडे होतं. ते ऐकून घेण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

१५२०च्या मार्चअखेरीस फर्डिनांड मॅगेलनची जहाजं सान हुलियानच्या उपसागरात हिवाळा काढायला थांबली. काही आठवड्यांनी किनाऱ्यावर एक माणूस नाचताना दिसला. ताफ्याबरोबरच्या अंतोनिओ पिगाफेत्ताने त्याची उंची अशी काही रंगवून लिहिली की युरोपभर राक्षसांचा देश म्हणून या भागाचा बोलबाला झाला. मॅगेलनने या लोकांना ‘पातागोन’ म्हटलं. हे नाव बहुधा त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका स्पॅनिश शौर्यकथेतल्या रानटी पात्रावरून आलं. हे लोक म्हणजे तेवेल्चे. ते खरोखर उंच होते, पण माणसाच्या मापातच. १८६९-७०मध्ये जॉर्ज मस्टर्स हा इंग्रज त्यांच्या टोळीबरोबर पुन्ता आरेनासहून रिओ नेग्रोपर्यंत गेला. त्याने पुरुषांची सरासरी उंची पाच फूट दहा इंच नोंदवली. राक्षसाचं माणूस व्हायला साडेतीनशे वर्षं लागली.

मॅगेलनने दोघा तेवेल्चे तरुणांना भेटवस्तूंच्या आमिषाने पकडलं. हात वस्तूंनी भरलेले असताना पायांत बेड्या अडकवल्या. दोघंही प्रवासात मेले. त्यातल्या एकाकडून पिगाफेत्ताने त्याच्या भाषेतले शब्द विचारून लिहून घेतले होते. युरोपीय लिपीत उतरलेले पॅटागोनियातले पहिले शब्द हे असे एका कैद्याच्या तोंडून आले आहेत.

तेवेल्चे लोकांचं सगळं जगणं ग्वानाको नावाच्या जनावराभोवती फिरत असे. उंटाच्या कुळातला, बिनवशिंडाचा, लांब मानेचा हा प्राणी त्यांचं अन्न होता आणि वस्त्रही. त्याच्या कोवळ्या पिल्लांची कातडी शिवून केलेला झगा ते लोकर आत आणि कातडं बाहेर असा पांघरत, बाहेरच्या बाजूला रंगांची नक्षी काढत. कातड्यांचे तंबू उभे करताना उघडी बाजू पूर्वेला ठेवत, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याकडे पाठ. शिकारीला चामड्याच्या दोरीने जोडलेले दगडी गोळे गरगरा फिरवून फेकत. ते जनावराच्या पायांत गुंतले की काम झालं. ही कारागिरी फार जुनी आहे. सांता क्रूस प्रांतातल्या ‘हातांच्या गुहे’त हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी भिंतीवर हात टेकून भोवती रंग फुंकला. त्या हातांशेजारी पळणारे ग्वानाको आहेत, आणि गोळे फेकणारे शिकारीही.

आज मॅगेलनचंच नाव असलेल्या सामुद्रधुनीतून जाताना त्याच्या लोकांना दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर रात्री ठिकठिकाणी विस्तव दिसले. त्यावरून त्या बेटाला नाव मिळालं, तिएरा देल फुएगो, विस्तवाची भूमी. मला वाटतं, या प्रदेशाला बाहेरच्यांनी दिलेल्या नावांत खरं ठरलेलं नाव हे एकच.

बेटाच्या दक्षिणेला, आज ज्याला बीगल खाडी म्हणतात त्या अरुंद जलमार्गात आणि हॉर्न भूशिरापर्यंतच्या बेटांवर याहगान लोक राहत. माणसांची वस्ती पृथ्वीवर याहून दक्षिणेला कुठेच नव्हती. त्यांचं घर म्हणजे झाडाच्या सालीची होडी. मोठ्या झाडाची साल सोलायची, पट्टे शिवायचे, आतून फांद्यांच्या कमानी बसवायच्या. होडी सतत पाझरायची, त्यामुळे कुणीतरी कायम पाणी उपसत असे. आणि या ओल्या, डुगडुगत्या सालीच्या मधोमध, माती-वाळूच्या थरावर, विस्तव जळत असे. तो विझू न देणं हे मुलांचं काम. बाई वल्हं मारायची, पुरुष पुढे भाला घेऊन सीलची वाट पाहायचा. किनारा आला की पुरुष आणि मुलं निखारे घेऊन उतरत आणि बाई होडी आत नेऊन समुद्रशेवाळाच्या जाड वेलांना बांधून, त्या बर्फगार पाण्यातून पोहत परत येई. पोहणं बायकांनाच येत असे. तळाचे शिंपले बुडी मारून काढणाऱ्याही त्याच.

अंगावर कपडा नावाला. खांद्यावर सीलचं किंवा पाणमांजराचं एखादं कातडं, बाकी अंगाला चरबी चोपडलेली. पाहणाऱ्यांना ही कंगाली वाटली. पण दिवसभर पाण्यात भिजणाऱ्या माणसाला भिजलेला कपडा अंगावर ठेवण्यापेक्षा चरबीवरून पाणी ओघळू देणं आणि लगेच विस्तवाजवळ बसणं जास्त शहाणपणाचं. विस्तव हे त्यांचं वस्त्र होतं, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. चार्ल्स डार्विनने स्वतः लिहून ठेवलंय की एका रात्री जहाजावरचे लोक जाड कपडे घालून शेकोटीला चिकटून बसले, तरी त्यांना ऊब अशी वाटेना. मागे लांब बसलेले उघडे याहगान मात्र घामाने निथळत होते. हे पाहूनही डार्विनला त्यांचं शहाणपण दिसलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

डार्विन इथे आला तो ‘बीगल’ जहाजावरून, १८३२च्या डिसेंबरात. जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय आधीच्या फेरीत इथली चार माणसं इंग्लंडला घेऊन गेला होता. एक तिकडे देवीने गेला. उरलेल्या तिघांना कपडे, इंग्रजी आणि ख्रिस्ती धर्म शिकवून, राजाराणीपुढे उभं करून, तो परत सोडायला आला होता. त्यात ओरुन्देलिको हा मुलगा होता, ज्याला सगळे जेमी बटन म्हणत. त्याचे हातमोजे आणि चकचकीत बूट डार्विनच्या ध्यानात राहिले. वर्षभराने, १८३४च्या मार्चमध्ये, जहाज परत आलं तेव्हा होडीतून एक हडकुळा, उघडा, केस विस्कटलेला माणूस जवळ आला. हाच जेमी. त्याला पुन्हा इंग्लंडला यायचं नव्हतं. खायला भरपूर आहे, बायको आहे, असं त्याने सांगितलं. मित्रांसाठी त्याने पाणमांजराची कातडी आणि भाल्याची टोकं आणली होती. जहाज निघालं तेव्हा त्याने किनाऱ्यावर जाळ केला. जहाज दूर जाईपर्यंत निरोपाचा धूर वर जात होता.

इथल्या लोकांच्या भाषेबद्दल डार्विनने जे लिहिलं ते थोडक्यात असं की ही भाषा स्पष्ट बोली म्हणवून घेण्याच्या लायकीची नाही, घसा खाकरल्यासारखे आवाज आहेत. एवढा बारकाईने पाहणारा माणूस, पण ज्या लोकांशी आपण दोन वाक्यं नीट बोललो नाही त्यांच्या भाषेचा निवाडा त्याने देऊन टाकला.

त्याचं उत्तर चाळीसएक वर्षांनी तयार होऊ लागलं. थॉमस ब्रिजेस हा तरुण मिशनरी १८७१मध्ये बायकोमुलीसह उशुआयाला राहायला आला. तो याहगान भाषा आधीच शिकला होता, पुढे आयुष्यभर शिकत राहिला आणि शब्द टिपत राहिला. त्याच्या कोशात सुमारे ३२ हजार शब्द जमले. त्याचा मुलगा लूकस याहगान मुलांबरोबरच वाढला. तो सांगतो की बर्फाला त्यांच्याकडे निदान पाच शब्द होते आणि किनाऱ्याला त्याहून जास्त. किनारा बोलणाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, मध्ये जमीन आहे की पाणी, यावर शब्द बदलत असे. होडीत जन्म काढणाऱ्यांच्या दृष्टीने हे अगदी साहजिक आहे. वारा फिरला की कुठल्या किनाऱ्याला आसरा मिळेल, हे एका शब्दात सांगता आलं तर जीव वाचतो.

कोशाच्या हस्तलिखिताची कहाणीही वादळातल्या होडीसारखी आहे. थॉमस वारल्यावर ते फ्रेडरिक कुक या अमेरिकी डॉक्टर-प्रवाशाने छापून देतो म्हणून नेलं आणि त्याच्याच नावावर छापलं जायची वेळ आली. पुढे पहिल्या महायुद्धात ते दिसेनासं झालं, सापडलं, १९३३मध्ये ऑस्ट्रियात छापलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात मूळ प्रत पुन्हा हरवली, पुन्हा सापडली आणि अखेर लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली.

पण शब्द गोळा होत असतानाच ते बोलणारे संपत होते. सील आणि देवमासे मारणाऱ्या जहाजांनी त्यांचं अन्न आधीच ओरबाडलं होतं. १८८४मध्ये अर्जेंटिनाच्या सरकारी बोटी उशुआयात झेंडा रोवायला आल्या आणि त्यापाठोपाठ गोवराची साथ पसरली. आसपासचे निम्म्याहून अधिक याहगान त्यात गेले.

त्याआधीच पॅटागोनियाच्या उत्तर भागात दुसरीच एक भाषा आसऱ्याला आली होती. वेल्समध्ये शाळेत वेल्श बोललं की पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. इंग्रजीच्या दाबाखाली आपली भाषा मरेल या भीतीने मायकल जोन्स या धर्मोपदेशकाने आणि त्याच्या मित्रांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला वसाहत करायचं ठरवलं. इंग्रजी पोचणार नाही अशी जागा त्यांना हवी होती. ‘मिमोसा’ जहाजातून दीडशेच्या वर माणसं २८ जुलै १८६५ रोजी चुबुतच्या किनाऱ्याला उतरली. ऐन हिवाळा, प्यायला पाणी नाही, उतरले तिथे पांढऱ्या मऊ खडकात कोरलेल्या बिळांत संसार. हिरवंगार खोरं मिळेल या आशेवर आलेल्या बहुतेकांना शेतीही येत नव्हती. त्यांच्यात खाणकामगार, विणकर, शिंपी होते.

पहिली पिकं करपली. १८६७च्या अखेरीस रेचेल जेन्किन्सने नवऱ्याला सुचवलं की नदीची पातळी शेताहून वर आहे, तर चर खणून पाणी आत घ्यावं. पाट खणला, पाणी खेळलं आणि गहू उभा राहिला. आज चुबुतच्या खोऱ्यात जी शेती दिसते ती त्या एका चरापासून वाढत गेलेल्या पाटांवर.

दरम्यान त्यांना जगवलं ते तेवेल्चे लोकांनी. गोळे फेकायला, ग्वानाकोची शिकार करायला, घोडा हाकायला त्यांनी शिकवलं. बदल्यात वेल्श बायका भाकरी-पाव देत. वेल्शमध्ये पावाला ‘बारा’ म्हणतात. हा शब्द तेवेल्चे मुलांच्या तोंडी बसला. युरोपीय वसाहतीच्या इतिहासात इतका कमी रक्तपात झालेली जागा क्वचित सापडेल.

पण ही जागा एकटी नव्हती. १८७८पासून पुढची सात वर्षं अर्जेंटिनाच्या सैन्याने ‘वाळवंटाची मोहीम’ चालवली. मोहिमेच्या नावातच खोटेपणा होता. तिथे वाळवंट नव्हतं, माणसांचा देश होता. आधी त्याला ओसाड म्हटलं आणि मग तसं केलं. पकडलेल्या कुटुंबांची ताटातूट करून त्यांना छावण्यांत डांबलं. ‘मिमोसा’तून तीन वर्षांचा असताना आलेला जॉन डॅनियल इव्हान्स १८८८मध्ये वाल्चेता इथल्या तारेने वेढलेल्या छावणीपाशी पोचला. आतून एकाने त्याला ओळखून हाक मारली आणि अर्धी स्पॅनिश, अर्धी वेल्श बोलत थोडा ‘बारा’ मागितला. तो बालपणीचा मित्र होता. इव्हान्सने जवळचे पैसे देऊन त्याला सोडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. नंतर जास्त पैसे घेऊन तो परत गेला, तोवर मित्र मेला होता. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत इव्हान्सने हे लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी इनाकायाल हा तेवेल्चे नायक ला प्लाताच्या संग्रहालयात वारला. त्याला तिथेच ठेवलं होतं. मेल्यावर त्याचा सांगाडाही संग्रहात गेला. तेका या त्याच्या मुलखात त्याचे अवशेष १९९४मध्ये पोचले.

वेल्श लोकांनी सरकारला तेवेल्चेंच्या बाजूने पत्रं लिहिली. मोहिमेने मोकळ्या झालेल्या आँडीजच्या पायथ्याच्या जमिनी मात्र पुढे त्यांनाही मिळाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आज ट्रेलेव, गायमान, ट्रेवेलिन या गावांत वेल्श शिकवली जाते आणि दर २८ जुलैला चर्चमध्ये चहा मांडला जातो.

दक्षिणेकडे जे झालं त्यात अशी एकही सावली सापडत नाही. १८७७मध्ये माल्विनास म्हणजे फॉकलंड बेटांवरून सामुद्रधुनीच्या काठी मेंढ्या आल्या. गवताळ, वाऱ्याने कोरडं केलेलं पठार मेंढीला मानवलं आणि लोकरीला युरोपात भाव होता. थोड्या वर्षांत तिएरा देल फुएगोचं मोठं बेट मूठभर कंपन्यांच्या काटेरी तारांत वाटलं गेलं. तिथे सेल्कनाम लोक राहत, पायी हिंडून ग्वानाको मारणारे. कुंपणांमुळे ग्वानाको हटले. सेल्कनाम मेंढीला ‘पांढरा ग्वानाको’ म्हणत आणि आपल्या रानातली शिकार म्हणून तिला मारत. मालकांनी बंदूकवाले नेमले. माणूस मारला की पैसे मिळत, पुरावा म्हणून कान आणावा लागे. जे उरले त्यांना डॉसन बेटावरच्या मिशनमध्ये नेलं. बंद खोल्या, शिवलेले कपडे आणि क्षयाने तिथे शेकडो माणसं संपली. १८८०च्या सुमारास सेल्कनाम चार हजारांच्या आसपास असावेत. पन्नास वर्षांत शंभरेक उरले.

मार्टिन गुसिंडे या धर्मगुरू-अभ्यासकाने १९२३मध्ये त्यांच्या ‘हाइन’ या दीक्षाविधीची छायाचित्रं घेतली. अंगभर पांढरे-तांबडे पट्टे, डोक्यावर सालीचे उंच मुखवटे, मागे बर्फ आणि अर्धवट वाकलेली झाडं. आता ती चित्रं पर्यटकांच्या सदऱ्यांवर छापतात. चित्रांतली माणसं तेव्हा मेंढवाड्यांवर मजुरी करत होती. लोला किएप्हा या वृद्ध शामान स्त्रीने मरण्यापूर्वी अॅन चॅपमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या ध्वनिमुद्रणयंत्रापुढे आपल्या लोकांची गाणी गायली. १९६६मध्ये ती गेली. सेल्कनाम संपले, असं पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षं छापलं जात होतं. वंशज मात्र सांगत राहिले की आम्ही आहोत. २०२३मध्ये चिलीच्या संसदेने त्यांना देशातल्या मूळ जमातींच्या यादीत घेतलं.

मेंढ्यांनी गवत मुळापर्यंत खाल्लं आणि उरलेली माती वाऱ्याने नेली. १९९१मध्ये हडसन ज्वालामुखीची राख पठारावर पसरली तेव्हा मेंढ्या मोठ्या संख्येने मेल्या आणि पुष्कळ मेंढवाडे कायमचे बंद पडले. कोमोदोरो रिवादाविया इथे १९०७मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी खणताना खनिज तेल लागलं होतं. आज त्याच गावाबाहेर पवनचक्क्या आहेत.

बीगल खाडीच्या दक्षिण काठावर, नावारिनो बेटावरच्या पुएर्तो विल्यम्समध्ये, क्रिस्तिना काल्देरोन राहत. लव्हाळ्याच्या टोपल्या विणत आणि सालीच्या होड्यांच्या लहान प्रतिकृती करून विकत. चिलीने २००९मध्ये त्यांना ‘जिवंत मानवी ठेवा’ असा मान दिला. जन्मभाषा म्हणून याहगान बोलणाऱ्या त्या शेवटच्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, ९३व्या वर्षी, त्या वारल्या. शेवटच्या वर्षांत त्यांच्याशी त्या भाषेत बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी नातवंडांना शब्द सांगितले, गोष्टी सांगितल्या, ध्वनिमुद्रणं करू दिली. त्यांची मुलगी लिदिया गोन्सालेस काल्देरोन चिलीच्या नव्या राज्यघटनेसाठी निवडलेल्या सभेत याहगान लोकांच्या जागेवरून बसली.

खाडीच्या काठाने चालताना गवतात गोल खळगे दिसतात, भोवती शिंपल्यांच्या कवचांचा बांध. आत झोपडी असे, खाल्लेली कवचं बाहेर टाकली जात आणि वर्षानुवर्षं साठत त्यांचीच वाऱ्याला भिंत होई. अशा काही जागा सहा हजार वर्षांहून जुन्या आहेत. खळग्याच्या मध्यभागी थोडं खणलं की काळी माती लागते आणि तिच्यात कोळसा.